अर्थ

मिलनची वॅगनआर, दोन हजार अकराची.
डिकीचं झाकण डोक्यानं तोलून धरावं लागतं.
कन्नमवार नगरात, बिल्डिंगच्या मागे,
टाकीच्या सावलीत रविवारी नऊला
आम्ही तिच्या सीटा काढल्या.
खाली बडीशेपेची पुडी, दोन रुपयांची नाणी,
आणि मिलनच्या लग्नातल्या अक्षता,
अजून लालसर.

खोका माझा.
पवईतल्या कुणाच्या तरी किचनमधून उरलेला
अठरा एमएमचा प्लाय,
सांध्यांत सिलिकॉन, वर काळं कार्पेट.
बारा इंचाचं भोक पाडताना जिगसॉ हलला,
एका बाजूला दोन सूत जास्त गेलं.
ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ॲम्प्लिफायर इम्तियाजच्या मामाकडचा, कुर्ल्याहून.
बिल मागितलं की मामा चहा मागवतो.

वायरी दर्शनाच्या ताब्यात.
ती दातांनी वायर सोलते,
सोललेलं प्लास्टिक बाजूला थुंकते,
आणि आमच्यापैकी कुणी पक्कड उचलली
की नुसतं बघते.
लाल वायर बॅटरीपासून मागेपर्यंत
तिने पायपुसण्याखालून अशी नेली
जशी एखादी बाई
नवऱ्याला न कळता पैसे नेते.

साडेबाराला चावी फिरवली.
स्पीकर कण्हला.
ॲक्सिलेटर दाबला तर कण्हणं चढलं,
सोडला तर उतरलं.
पॉली म्हणाला, हिला डॉक्टरकडे न्या.
दर्शना म्हणाली, अर्थ लागलेला नाही.
"माझ्या पण लाईफला," पॉली म्हणाला,
कुणी हसलं नाही, ऊन फार होतं.

"रंगावर लावलाय तुम्ही. रंगावर अर्थ लागत नसतो."
तिने पॉलिश पेपर घेतला
आणि डिकीच्या कोपऱ्यात
चंदेरी रंग खरवडला, त्याखालचा करडा,
त्याखाली नागडा पत्रा चकाकला
आठ आण्याएवढा.
तिथे बोल्ट कसला.

मग इतकं शांत झालं
की इम्तियाजनं फ्यूज उडाला का ते पाहिलं.

पहिलं गाणं कोणतं, यावर
आठवडाभर भांडण झालं होतं.
चिठ्ठ्या टाकायचं ठरलं होतं.
मिलननं फोन जोडला, अंगठा चुकला,
आणि सगळ्या आवारात, विहिरीतून यावा तसा,
काकूंचा आवाज आला:
*मिलन, वर येताना पाच-सहा लिंबं आण,
आणि बाबांना विचार, गोळी घेतली का.*

दोन स्कूटर आणि एक इनोव्हा रडायला लागली.
तिसऱ्या मजल्यावरून काकू स्वतः वाकल्या:
"माझा आवाज कोण काढतंय रे खाली?"

परब काका सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीवर होते.
एकतीस वर्षं माझगाव डॉकमध्ये पत्रा ठोकला,
कान तिथेच जमा करून आले.
मशीन आहे, ते कपाटात शिट्टी मारतं.
घरी काकू बोलतात, काका मान हलवतात,
मान कुठे हलवायची ते त्यांना पाठ आहे.

ते उठून डिकीपाशी कधी आले, कळलं नाही.
तळवा खोक्यावर ठेवला होता,
गाईच्या पोटावर ठेवतात तसा.
"परत लाव."
मिलननं परत लावलं.
"परत."
दर्शनानं काही न बोलता
बासचं बटण थोडं आणखी फिरवलं.

तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी हात काढला,
शर्टाला पुसला,
आणि कुणाकडेही न बघता विचारलं,
"पाच, का सहा?"
उत्तराची वाट न बघता
कापडी पिशवी घेऊन ते नाक्याकडे निघाले.
गोळीचं मात्र राहिलंच.

नंबर प्लेट अजून थडथडते,
तिच्यामागे सायकलची ट्यूब कापून लावायची आहे.
सीटा बसवल्या. एक स्क्रू उरला.
तो नेहमी उरतो.
मिलननं अक्षता परत सीटखाली टाकल्या
आणि स्क्रू खिशात.